टीव्हीवर विचारायचा प्रश्न

२७ डिसेंबर २००१, गुरुवार

महापालिकेचं उत्तर आलं. सतरा महिन्यांत मी बारा पत्रं पाठवली, त्यांतल्या कुठल्यातरी एकाला हे उत्तर. 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' सही वाचता येत नाही, नल्लकुंटा हे आमच्या भागाचं नावसुद्धा धड लिहिलेलं नाही. मी पत्र फाडून टाकलं. आबासाहेबांनी तुकडे गोळा करून पाकिटात ठेवले. म्हणाले, पुरावा असतो. तेहतीस वर्षं मी जामबागच्या शाळेत मराठी शिकवलं, पोरांना शिस्त लावली, पण नवऱ्याच्या या थंडपणावर मला कधी औषध सापडलं नाही.

गल्लीच्या वळणावर नाला अजून उघडाच आहे. फरश्या टाकणार म्हणून मोजमाप घेऊन गेले, भिंतीवर लाल आकडे लिहून गेले. आकडेसुद्धा आता पुसट झाले.

दुपारी विजय सूर्यवंशी आला. माझा जुना विद्यार्थी, आता बेचाळीस वर्षांचा वकील. वडिलांचं जामबागेत फुलांचं दुकान होतं. वर्गात शिरायचा तो शेवंतीचा वास घेऊन. सोळा वर्षांनी शहरात महापालिकेची निवडणूक होते आहे आणि हा आमच्या वॉर्डातून उभा आहे. केबलच्या एका सिटी चॅनेलनं बारा जानेवारीला, शनिवारी संध्याकाळी सहाला, दोन प्रमुख उमेदवारांना समोरासमोर बसवायचं ठरवलंय. आबिड्सच्या एका हॉलमधून थेट दाखवणार. लोकांनाही प्रश्न विचारता येतील.

"बाई, वक्तृत्वाच्या ढालीसाठी तुम्ही मला तयार केलं होतंत. आता एकदा परत करा," विजय म्हणाला.

त्याच्यासमोर कोण, तर सुदर्शनराव. मागच्या निवडणुकीत आलेला नगरसेवक. मुदत संपून दहा वर्षं झाली तरी याच्या गाडीवरची पाटी उतरली नाही. त्याचा लग्नकार्यांचा फंक्शन हॉल नाल्याच्या काठावर आहे असं लोक म्हणतात. काठावर नाही, नाल्यात आहे. हॉलच्या भिंतीनं नाला निम्मा करून टाकला. दोन हजार सालच्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा पाण्याला जायला जागा उरली नाही, ते आमच्या गल्लीत चढलं. त्यात तन्वी गेली. सात वर्षांची होती.

मी विजयला म्हटलं, उद्यापासून ये. त्या माणसाला सगळ्या शहरासमोर घाम फुटलेला मला बघायचाय.

२९ डिसेंबर, शनिवार

विजय बोलतो बरा, पण वकिली त्याच्या जिभेवर चढून बसलीय. प्रत्येक वाक्याला 'त्या अनुषंगानं'. मी म्हटलं, टीव्हीसमोर बसलेल्या बाईच्या हातात लाटणं असतं, तिला तुझा अनुषंग नको. एक माणूस दाखव, एक घर दाखव.

त्यानं लगेच विचारलं, "मग तन्वीचं सांगू का?"

मी सांगितलं, सांग. मीच मुद्दे लिहून दिले. आईवडील अनुराधा आणि मिलिंद, पुण्याचे, दोघंही कंप्युटरच्या कंपनीत. आमच्यापासून चार घरं पलीकडे राहतात. मधे ते वळण. मुलगी इंग्रजी शाळेत, मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून रोज साडेचारला माझ्याकडे यायची. त्या दिवशी आईवडील ऑफिसात अडकलेले, घरी फक्त आजी, उषाताई. वळणावर नाला कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो ते पाण्यात कळत नव्हतं.

विजय वकिलासारखा लिहून घेत होता. मधेच म्हणाला, "ती तुमच्याकडे येत होती की परत जात होती?"

मी म्हटलं, येत होती.

येतच होती. नेहमीसारखी साडेचारला निघाली होती.

मातृभाषा शिकायला निघालेली मुलगी, असं वाक्य मी त्याला दिलं. ते वाक्य चांगलं आहे. त्याच्या डोळ्यांतही पाणी आलं. आबासाहेब आत उर्दू पेपर वाचत होते, ते उठून गच्चीवर गेले.

१ जानेवारी २००२, मंगळवार

एका ओळखीच्या बाईचा फोन आला, नातवाला मराठी शिकवाल का म्हणून. मी नाही म्हटलं. हल्ली मी कुणालाच घेत नाही. पोरं गृहपाठ करत नाहीत, वह्या विसरतात, आईबाप त्यांचीच बाजू घेतात. माझ्याच्यानं आता होत नाही.

४ जानेवारी, शुक्रवार

फोटो हवा होता म्हणून अनुराधाकडे गेले. विजयला तन्वीचा फोटो मोठा करून घ्यायचाय. कॅमेऱ्याला चेहरा लागतो असं चॅनेलवाले त्याला म्हणाले.

अनुराधा नुकतीच ऑफिसातून आली होती. चौतीस वर्षांची बाई, पण खांदे माझ्यासारखे पडलेत. फोटोचं ऐकून हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग विचारलं, यानं काही होईल का? मी म्हटलं, सगळं शहर बघेल, त्या माणसाला तोंड लपवायला जागा राहणार नाही. तिनं कपाट उघडून फोटो दिला. दोन वेण्या, पुढचा एक दात नाही. म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून देतेय, बाई. तुमच्यावर तिचा फार जीव होता."

मी निघणार होते, तर तिनं चहा टाकला आणि सासूबाईंचं सांगत बसली. उषाताई त्यानंतर महिन्याभरात पुण्याला परत गेल्या. मिलिंद त्यांच्याशी बोलत नाही. तसं भांडण काही झालं नाही, पण अशा पावसात पोरीला बाहेर पाठवलंच कसं, असं एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं. त्यावर उषाताईंनी बॅगच भरली. आता दिवाळीलाही फोन नाही. त्यांचं वजन फार उतरलंय असं नणंद सांगते.

मला लोकांची घरगुती प्रकरणं ऐकायला आवडत नाहीत. चहा अर्धाच पिऊन उठले. मिलिंदचा राग आला. आईशी बोलत नाही म्हणजे काय? भिंत बांधणारा मोकळा हिंडतोय आणि हा जन्मदात्या आईला शिक्षा देतोय. हे पुण्याचे शिकलेले लोक.

येताना वळणावर थांबले नाही. मी तिथे कधीच थांबत नाही.

६ जानेवारी, रविवार

आता सगळ्या गल्लीलाच वेड लागलंय. सुशीलाबाईंनी शनिवारी त्यांचा टीव्ही ओट्यावर काढायचं ठरवलंय, वीस खुर्च्या मागवल्यात. प्रत्येकाला वाटतं, प्रश्न त्याचाच विचारला जावा. नळाला दिवसाआड पाणी येतं ते विचारा, डासांचं विचारा, रात्री फंक्शन हॉलचे लाउडस्पीकर वाजतात ते विचारा. इस्त्रीवाला म्हणाला, माझी टपरी दोनदा उचलली ते विचारा टीचरम्मा. मी कोण, शहराची वकील? पण विजयनं सांगून ठेवलंय की लोकांतून पहिला प्रश्न मी विचारणार. चॅनेलशी त्याचं तसं बोलणं झालंय.

संध्याकाळी मराठी मंडळात बोलावलं होतं. तिथे नामदेवराव अध्यक्ष. त्यांनी मला हारच घातला. म्हणाले, निजामाच्या काळापासून आपण या शहरात राहतो, पण आपला माणूस बोलताना लोकांनी कधी ऐकलाच नाही, शनिवारी ऐकतील. टाळ्या. एक गृहस्थ म्हणाले, विजय मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही भाषांत बोलतो, समोरचा तेलुगू सोडून काय बोलणार? दुसरे म्हणाले, चर्चा जिंकली की निवडणूक जिंकली, अमेरिकेत तसंच असतं.

मला या लोकांचाही राग येतो. सतरा महिने कुठे होते? माझ्या बारा पत्रांवर सह्या मागायला गेले तेव्हा यातल्या तिघांनी पेन सापडत नाही म्हणून सांगितलं.

८ जानेवारी, मंगळवार

चॅनेलचे लोक नाल्याचं शूटिंग करायला आले. एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, वय माझ्या शेवटच्या वर्गातल्या विद्यार्थिनींएवढं. मला वळणावर उभं करून म्हणाली, मॅडम, इथे बोट दाखवा, मुलगी इथेच पडली ना? मी म्हटलं, हो. मग म्हणाली, तुमच्या घराकडून चालत या, आम्ही तुमच्या मागून येतो, म्हणजे ती कशी आली असेल ते लोकांना कळेल.

मी म्हटलं, घराकडून कशाला, तिच्या घराकडून या की.

ती म्हणाली, उजेड या बाजूनं चांगला आहे.

मी त्या मुलीवर ओरडले. फार ओरडले, गल्लीत लोक जमले. ती बिचारी घाबरून सॉरी सॉरी करत राहिली. काय कारण होतं एवढं ओरडायला? शूटिंग झालं शेवटी. मी माझ्या घराच्या पायऱ्यांपासून वळणापर्यंत चालले. छप्पन्न पावलं. मी पहिल्यांदाच मोजली.

१० जानेवारी, गुरुवार

विजयची तयारी पूर्ण. सुरुवात, शेवट, मधला फोटो. फोटो उचलून दाखवल्यावर पाच मोजेपर्यंत काही बोलायचं नाही, हे मी त्याच्याकडून दहा वेळा करून घेतलं. चांगला करतो. थोडा जास्तच चांगला करतो.

माझा प्रश्न एका चिठ्ठीवर लिहिला. 'नाल्यावर फरश्या टाकण्याची तारीख सांगा आणि आपल्या हॉलची भिंत नाल्यातून मागे घेणार का ते सांगा.' आबासाहेबांना वाचून दाखवला. ते उर्दूत शिकलेले, मनातलं बोलायचं झालं की मराठी सोडून देतात. चष्मा पुसत म्हणाले, "आधा सच लेके जा रहे हो तुम. वो जिसके हाथ में गया, उसका काम करेगा."

मी विचारलं, म्हणजे काय?

ते म्हणाले, "उस दिन मैं घर पे था, सत्या."

इतकंच. सतरा महिन्यांत हे एवढंच बोलले. मी ताट ढकललं आणि उठले. मला नको होतं त्यांचं शहाणपण. ते घरी होते तर त्यांनी का नाही थांबवलं? खुर्चीत बसूनच होते ना? पेपरच वाचत होते ना?

लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. रागानं.

१२ जानेवारी, शनिवार, सकाळ

निळी साडी नेसणार. पांढरी टीव्हीवर चमकते, असं सुशीलाबाई म्हणतात. अनुराधाचा फोन आला, तीसुद्धा हॉलवर येते आहे. मिलिंद नाही येणार. मी म्हटलं, तू कशाला त्रास घेतेस, घरीच बघ. ती म्हणाली, नाही, मला यायचंय.

१३ जानेवारी, रविवार

आता सगळं जसं झालं तसं लिहिते, कारण काल मी जे बोलले त्याबद्दल शहरात दहा तऱ्हा सांगितल्या जाताहेत.

हॉल भरलेला होता. मला पहिल्या रांगेत बसवलं, अनुराधा माझ्या मागे तिसऱ्या रांगेत. दिव्यांची आग डोक्यावर. सुदर्शनराव पांढऱ्या शर्टात आला, मला वाकून नमस्कार केला. मला वाटलं होतं तो अडाण्यासारखा बोलेल. तो तेलुगूतून बोलला, दक्खनीतून बोलला, हसला, त्याच्या काळात टाकलेल्या पाइपलाइनींची नावं गल्लीसकट सांगितली. लोकांना ते आवडत होतं. विजय पहिली दहा मिनिटं अडखळला. मी मांडीवर हात आवळून बसले होते.

मग त्यानं फोटो काढला. पाच मोजले. मातृभाषा शिकायला निघालेली मुलगी, हे वाक्य तेलुगूतही म्हणाला, मग हिंदीत.  बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी वळून अनुराधाकडे पाहिलं. ती फोटोकडे बघत नव्हती, खाली बघत होती.

सुदर्शनराव घाईत नव्हता. त्यानं फोटोला हात जोडले. म्हणाला, मलाही नात आहे, त्या रात्री मीही जेवलो नाही. आणि मग दक्खनीत, अगदी हळू आवाजात, "मगर मेरेकू एक बात समझा दो वकीलसाब. इत्ते पानी में घर के बड़े लोगां बच्ची को बाहर कैकू भेजे?"

लोकांची मान हलली. मला स्पष्ट दिसलं, हलली. आमच्याच गल्लीतल्या दोघांची हलली.

विजयनं काय करायला हवं होतं? भिंतीवर यायला हवं होतं. मी त्याला शिकवलं होतं, भिंत सोडू नकोस. पण तो चलाख आहे, त्याला वाटलं एवढं देऊन टाकू आणि पुढे जाऊ. म्हणाला, "हौ, आजी से गलती हुई. बुजुर्ग औरत थी, उनको अंदाजा नहीं आया. मगर नाला तो..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अनुराधा उठून उभी राहिली होती, बाहेर जायला वाट शोधत होती, आणि रांगेतले लोक पाय आखडून तिला वाट देत तिच्याकडे असे बघत होते, जसं आपण चूक झालेल्या घराकडे बघतो.

सूत्रसंचालक म्हणाला, आता नागरिकांचा पहिला प्रश्न. माईक माझ्या हातात आला. दुसऱ्या हातात चिठ्ठी होती.

मला त्या क्षणी कुणाकुणाचा राग आला ते सांगता येणार नाही. सुदर्शनरावचा तर होताच. विजयचा, पाच मोजायला शिकवलेल्या माझ्या विद्यार्थ्याचा. मान हलवणाऱ्यांचा. पुण्यात वजन उतरत चाललेल्या त्या बाईचा, की ती एकदाही का म्हणाली नाही, मी पाठवलं तेव्हा पाणी नव्हतं. मी हिंदीत सुरू केलं, पण ते मराठीतच बाहेर आलं.

मी म्हटलं, "आजीची चूक नव्हती. आजीनं साडेचारला पाठवलं तेव्हा पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. मुलगी माझ्या घरी नीट पोचली होती. ती वही विसरली होती. मी म्हटलं, वहीशिवाय बसायचं नाही, जा, घेऊन ये. मी परत पाठवलं. तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि नाला भरला होता. मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही."

हॉलमधे कुणीतरी, 'काय म्हणतेय ती' असं विचारलं, कुणीतरी तेलुगूत सांगितलं. मग एकदम कल्ला झाला. सूत्रसंचालक माईक घ्यायला आला. मी दिला नाही. सुदर्शनरावकडे बघून म्हटलं, "माझी चूक माझी आहे, सुदर्शनराव. भिंत तुमची आहे. माझं मी बोलले, आता तुमचं तुम्ही बोला."

त्यानं सूत्रसंचालकाकडे बघितलं. चॅनेलवाल्यांनी जाहिरात लावली.

मागे वळले तेव्हा अनुराधा दाराशी उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मग ती गेली.

विजय मला बाजूच्या बोळात भेटला, जाहिरात चालू असतानाच. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "बाई, निवडणूक झाल्यावर सांगितलं असतंत तर चाललं नसतं का?"

त्यानं असं विचारावं, यात त्याचा दोष किती आणि माझा किती, मला माहीत नाही. त्याला मीच तयार केलं होतं.

आबासाहेब रिक्षा घेऊन बाहेर थांबले होते. टीव्हीवर बघून निघाले असणार, पण इतक्या लवकर पोचले कसे? विचारलं तर म्हणाले, घरी बसवलं नाही, आधीच येऊन थांबलो होतो. 

१६ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. तिळगूळ घ्यायला कुणी आलं नाही. सुशीलाबाई समोरून गेल्या, खाली बघून. नामदेवरावांचा फोन आला. म्हणाले, "एवढी मोठी संधी होती आणि तुम्ही आपल्याच माणसाला बुडवलंत." बुडवलंत. हा शब्द मला आपण ऐकवतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. मी फोन ठेवला.

एका पेपरनं छापलं, 'शिक्षिकेच्या कबुलीनं चर्चेला कलाटणी'. दुसऱ्यानं छापलं की मला सुदर्शनरावनं फोडलं. इस्त्रीवाल्यानं मात्र आज कपडे परत देताना विचारलं, टीचरम्मा, भात खाता ना वेळेवर?

आणि आज सकाळी अकरा वाजता वळणावर महापालिकेची गाडी आली. नव्या फरश्या. चार माणसं, दोन तास. बारा पत्रांनी जे झालं नाही ते झालं. नाला जेवढा टीव्हीवर दिसला होता तेवढ्याच भागावर फरश्या बसवल्या, पुढचा तसाच. सुदर्शनरावचा एक माणूस नारळ फोडायला आला. मी गेटमधून बाहेर गेले आणि त्याला म्हटलं, नारळ उचल. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, उचल. उचलून घेऊन गेला.

अनुराधाच्या घराची खिडकी बंद आहे. दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा परत आले. बेल वाजवायचा हक्क मला नाही, असं वाटलं. पूर्वी मला असं कधी वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं.

२० जानेवारी, रविवार

आबासाहेबांशी भांडले. दहा तारखेला जे मनात होतं ते तोंडावर बोलले. तुम्ही घरी होतात, तुम्ही का नाही थांबवलंत तिला?

त्यांनी पेपरची घडी घातली. मग मराठीत म्हणाले, "पोरीला वही आणायला धाडतेस, हे मला बरोबरच वाटलं होतं तेव्हा. तू शिक्षक होतीस, मला त्यातलं काय कळतं? मग ते झालं, आणि तू काही बोलली नाहीस. मीही नाही बोललो. म्हातारीवर गेलं, ते मी बघत राहिलो. तुझ्याएवढाच मी."

चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला जवळ जाता आलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिले.

३ फेब्रुवारी, रविवार

निकाल लागून गेला. सुदर्शनराव निवडून आला, दोनशे अकरा मतांनी. गल्लीचं म्हणणं, ती दोनशे अकरा मतं माझी. असतील. विजयनं पराभवानंतर पत्र टाकलं, चार ओळींचं. लिहिलंय की तो हॉलच्या भिंतीविरुद्ध कोर्टात अर्ज करतोय आणि मी साक्षीदार म्हणून उभी राहीन का. त्याचा अजून राग गेलेला नाही, अक्षरावरून कळतं. माझाही नाही गेला. मी हो कळवलं.

आज दुपारी तीनला बेल वाजली. दारात अनुराधा. मी बाजूला झाले. ती आत आली, पण बसली नाही. म्हणाली, मिलिंद पुण्याला गेलाय आईला आणायला. हॉलवरून आल्यावर त्याला सांगितलं तर तो रात्रभर घरात फेऱ्या घालत होता. मग सकाळी फोन लावला, आणि दोघंही फोन नुसताच धरून बसली होती. उषाताई म्हणे एवढंच म्हणाल्या, मला वाटत होतंच की पाणी नव्हतं, पण सगळे म्हणत होते म्हणून मलाही वाटायला लागलं, असेल.

मी म्हटलं, मी त्यांच्या पाया पडायला येते.

अनुराधा म्हणाली, "त्यांना काय करायचंय ते त्या ठरवतील. मी माफ करायला आलेली नाही, बाई. मला ते जमेल असं वाटत नाही."

मी मान हलवली. मला तिचा राग आला नाही. कितीतरी दिवसांनी, महिन्यांनी असेल, कुणाच्या बोलण्याचा मला राग आला नाही.

मग ती खुर्चीत बसली. तन्वी बसायची ती नव्हे, दुसरी, आबासाहेबांची. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "साडेचार ते पावणेपाच ती इथे होती. ती पंधरा मिनिटं माझ्याकडे नाहीत. एवढे दिवस मला वाटायचं, ती आजीच्या हातातून सुटली ती थेट पाण्यातच गेली. काय केलं तिनं इथे? जाताना रडत होती का?"

मी म्हटलं, "नाही. चिडली होती. मी वहीवरून बोलले, तर तिनं नाक फुगवलं आणि म्हणाली, तुम्ही रोज रोज ओरडता. पायऱ्यांवरून पाय आपटत गेली."

अनुराधाच्या तोंडावर काहीतरी हललं. म्हणाली, "दार आपटलं?"

"आपटलं. जोरात."

"मोठ्यानं आपटायची ती," अनुराधा म्हणाली, आणि पर्स बाजूला ठेवली. "पहिल्यापासून सांगा. आली तेव्हापासून. काहीही गाळू नका."

आबासाहेब आतून येऊन दाराशी उभे राहिले होते, तेही खाली बसले. मी सुरुवात केली. चपला कुठे काढल्या, छत्री कुठल्या रंगाची, केसांना पाणी लागलं होतं ते मी कुठल्या टॉवेलनं पुसलं, तिनं बिस्किट मागितलं आणि मी आधी वही म्हटलं. जे मला आठवत नव्हतं ते आबासाहेबांनी सांगितलं, काही ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केलं. अनुराधा मधेमधे थांबवून विचारत होती, मग काय म्हणाली, मग तुम्ही काय म्हणालात.

ती पंधरा मिनिटं सांगायला आम्हाला दिवेलागण झाली.